अंबाबाईचा हिसका

जोतीराम चौगुले दुकानाची पायरी चढताना दिसला, की नटबोल्टाचे पाने विकणारा माणूस मनात म्हणायचा, आजची सकाळ गेली. गिऱ्हाईक म्हणून तो वाईट नव्हता. पण पाना हातात आला की आपण विकत घ्यायला आलोय हेच तो विसरायचा आणि तपासायला बसायचा. शिरोलीच्या एका फोर्जिंग कारखान्यात एकतीस वर्षं त्यानं तेच केलं होतं. तापवून ठोकलेले, घासून चकचकीत केलेले पाने त्याच्या टेबलावर यायचे. तो त्यांचा टणकपणा मोजायचा, कोपरे बघायचा आणि पिवळा नाहीतर लाल ठिपका द्यायचा. पिवळा म्हणजे पास, लाल म्हणजे रिजेक्ट. लाल ठिपक्याला दयामाया नव्हती. एकदा मालकाच्या मेहुण्यानं मऊ निघालेल्या मालासाठी गळ घातली, तेव्हा जोतीरामनं त्यातलाच एक पाना त्याच्या हातात दिला आणि हा घरी न्या, तुमच्याच गाडीला वापरा, म्हणून सांगितलं. मेहुण्यानं पाना टेबलावर ठेवला आणि पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी डोळ्यांतला तो लाल ठिपका काही गेला नव्हता. बायको मालन म्हणायची, ह्यांना आमटी वाढायची तर आधी हात धुऊन परीक्षेला बसायचं. लेक क्रांती तेवढी त्याच्या तपासणीतून पिवळा ठिपका घेऊन बाहेर पडलेली होती. ती कागलच्या एमआयडीसीत एका सूतगिरणीच्या लॅबमध्ये कामाला होती. सूत किती ताणाला तुटतं ते मोजायचं, हे तिचं काम. लेकसुद्धा मोजणाऱ्यांच्याच जातीची निघाली याचा जोतीरामला केवढा अभिमान, आणि तो लपवायचीही त्याला कधी गरज वाटली नाही.

त्या शनिवारी सकाळी तो उद्यमनगरात विजयसिंहच्या पान्यांच्या दुकानात आला तो मात्र नेहमीच्या तोऱ्यात नव्हता. खिशातून रुमालात गुंडाळलेली एक गोटी त्यानं काढली आणि काउंटरवर ठेवली. गोटी म्हणजे नटावर टोपीसारखी बसणारी जाड पोलादी नळी. तिच्यात दांडा अडकवून नट फिरवायचा. ही एकोणीसची होती, चाकाच्या नटाची. असली एक चांगली दे, टिकणारी दे, एवढंच तो म्हणाला आणि स्टुलावर बसला.

विजयसिंहनं आधी एक मोठी पेटी उघडून दाखवली. आत मखमली खाचांत पाने, गोट्या, दांडे चमकत होते. एकशे आठ नग आहेत, घरी गाडी करणारे आता हीच नेतात, म्हणाला.

"एकशे आठ?" जोतीराम म्हणाला. "जपमाळ हाय व्हय ही?"

पेटी मिटली. मग जोतीरामची तपासणी सुरू झाली. घरच्या गाडीला लागतात दहा, बारा, चौदा, सतरा आणि एकोणीस. बाकीचे नग पेटीतच म्हातारे होतात, असं त्याचं म्हणणं. चमक बघून तर घ्यायचंच नाही. मुलामा पापुद्र्यासारखा सुटला की आतलं पोलाद गंजतं आणि सुटलेली धार बोटात घुसते. त्यानं एकेक गोटी उजेडाला धरून आतून बघितली. काहींना आत बारा कोपरे होते, काहींना सहा. बारा कोपऱ्यांची गोटी अडचणीच्या जागी पटकन बसते, पण नटाचं टोक धरून ओढते. सहा कोपऱ्यांची नटाच्या सपाट अंगाला धरते आणि कोपरे खात नाही. आजपर्यंत हे त्यानं किती लोकांना शिकवलं होतं. आणि तरी स्वतः तीन वर्षं बारा कोपऱ्यांचीच वापरत राहिला, कारण ती त्याची होती.

म्हणजे अक्षरशः त्याची. निवृत्तीच्या दिवशी कारखान्यानं श्रीफळाबरोबर गोट्यांचा एक सेट दिला होता. ज्या दिवशी तो सेट तपासणीला आला त्या दिवशी टेबलावर जोतीरामच होता. डबीच्या झाकणाच्या आत त्यानंच दिलेला पिवळा ठिपका अजून होता. आणि आता तीच एकोणीसची गोटी खोटी ठरली होती.

झालं होतं असं. तीन आठवड्यांपूर्वी त्यानं क्रांतीच्या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड बदलले. गाडी बारा वर्षांची, पण घरची सगळी दुरुस्ती जोतीरामच्या हातची. गॅरेजचं तोंड त्या गाडीनं पाहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी क्रांती घरी आली आणि म्हणाली, कागलच्या रस्त्याला चाक जरासं हललं, पंक्चरवाल्याला दाखवलं, दोन नटांचे कोपरे गेले होते म्हणून त्यानं नवे घातले. एवढं सांगून ती हात धुवायला गेली. जोतीराम ताट तसंच सोडून उठला. नटाचे कोपरे खाल्ले गेले म्हणजे गोटी घसरली. गोटी घसरली म्हणजे ती आतून झिजली, म्हणजे मऊ निघाली. आणि तिला पास कुणी केलं होतं? एक मऊ गोटी हातून निसटली असेल तर एकतीस वर्षांत अशा किती निसटल्या असतील आणि कुणाकुणाच्या गाडीखाली असतील? तीन आठवडे हे त्याला आतून पोखरत होतं. त्यात क्रांती एकदा सहज म्हणाली, ब्रेकचं काम पुढच्या वेळी गॅरेजला देऊ या का आबा? त्यानं ताटावरून मान वर केली नाही. लेकीच्या गाडीला परका हात लागणार असेल तर आपण घरात कशाला आहोत, असं त्याला वाटलं. ती गाडी आपल्या हातून सुटली तर सगळंच सुटलं, हे त्यानं मनाशी धरलं होतं. त्यासाठीच हा शनिवार होता.

विजयसिंहनं जुनी गोटी उचलली, एका कोऱ्या नटावर बसवली आणि अंगठ्यानं हलवून बघितली. मग तशीच जोतीरामपुढं केली. नटावर गोटी गच्च बसली होती, केसभरही जागा नव्हती.

"गोटीत काय न्हाई, मामा," विजयसिंह म्हणाला. "जशीच्या तशी हाय."

जोतीरामनं स्वतः हलवून बघितली. उजव्या हातानं कळेना म्हणून डाव्यानं बघितली. खरंच जागा नव्हती. पण मग नटांचे कोपरे कुणी खाल्ले, याचं उत्तर त्याच्याकडं नव्हतं, आणि उत्तर नसलं की तो माणूस आवाज चढवायचा. थंड गोटी काय सांगणार, जोर लागल्यावर ती फाकते, असं काहीतरी तो बोलला. विजयसिंहनं खालून एक लांबट डबा काढून काउंटरवर ठेवला. त्यात टॉर्क पाना होता. मुठीवर आकडे. हवा तो आकडा लावायचा आणि ओढायचं. तेवढा जोर लागला की पाना टक् करून सांगतो, बस. ह्यो बी बघा की, असं तो जपूनच म्हणाला.

"ज्याला हात न्हाई त्यानं घ्यावा तो," जोतीराम म्हणाला. "माझा हात सांगतो मला."

विजयसिंहनं डबा परत खाली ठेवला. तो ठेवताना त्यानं जोतीरामकडं बघायचं टाळलं, हे जोतीरामला फार उशिरा आठवलं. सहा कोपऱ्यांच्या पाच गोट्या आणि एक लांब दांडा घेऊन तो उठला. पायरीवर पिशवी उजव्या हातातून सटकली, ती विजयसिंहनं वरच्यावर धरली. पिशव्या हल्ली गुळगुळीत येतात, असं सांगून जोतीराम निघाला.

पिशवी गुळगुळीत नव्हती. गेल्या थंडीपासून त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं बधिर होती. सदऱ्याची बटणं लावायला वेळ लागायचा. चहाचा कप त्यानं हळूच डाव्या हाताकडं नेला होता. कुणी काही विचारलं नाही म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही, अशी त्याची समजूत होती. एवढा तपासणीचा माणूस; पण स्वतःच्या हाताला काही त्यानं टेबलावर घेतलं नव्हतं.

रविवारी त्यानं गाडी तालमीशेजारच्या मोकळ्या जागेत घेतली. गल्ली अरुंद, म्हणून काम कायम तिथंच चालायचं. तालमीच्या कट्ट्यावर गल्लीतला बाळासो आणि दोघेचौघे बसलेले असायचे आणि फुटबॉलच्या गप्पा मारता मारता जोतीरामचं काम बघायचे. त्याला ते आवडायचं. चारही चाकांचे नट दांड्यावर पाय देऊन सैल करायचे आणि पुन्हा एकदा नव्या गोटीनं आवळायचे, असं ठरवून तो चाकापाशी उकिडवा बसला.

आवळायची त्याची एक रीत होती. तीन हिसके आपले, चौथा अंबाबाईचा. तिसऱ्या हिसक्याला नट हाताला सांगतो की बस. त्याच्यावर एक देवीच्या नावानं, म्हणजे वाटेत राखायला ती आहेच. क्रांती सात वर्षांची असल्यापासून शेजारी पाटावर बसून पाने द्यायची, आणि चौथ्या हिसक्याला मोठ्यानं ओरडायची, अंबाबाईचा! पुढं ती तीन हिसके स्वतः ओढायला शिकली, पण चौथा कायम आबांचा. ती वहिवाटच पडली होती.

त्या रविवारी तिसऱ्या हिसक्याला त्याच्या कोपरापर्यंत झिणझिणी गेली. नट बोलला, असं त्यानं धरलं. वर चौथा दिला. मग कारखान्यातली जुनी सवय त्याला आठवली. पिवळा रंग आणि बारीक कुंचला घेऊन त्यानं प्रत्येक नटावरून चाकाच्या पत्र्यापर्यंत एकसंध रेघ मारली. नट जागचा हलला तर रेघ तुटते. माणूस खोटं बोलेल, रेघ बोलत नाही. वरून चाकांच्या प्लास्टिकच्या टोप्या दाबून बसवल्या आणि त्याला तीन आठवड्यांत पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

सोमवारी संध्याकाळी क्रांती परत आली. ती घरात गेली तसा जोतीराम फडकं घेऊन बाहेर पडला. उजेड चांगला होता. तालमीपुढं चेंडूचा दणका चालला होता. पुढच्या डाव्या चाकाची टोपी त्यानं काढली आणि बघतच राहिला.

चारही रेघा तुटल्या होत्या.

त्यानं फडकं खाली टाकलं. पुन्हा ढिले! नवी गोटी, सहा कोपरे, नवा दांडा, आणि एका दिवसात पुन्हा ढिले. पण मग एकतीस वर्षांचा डोळा जागा झाला. नट ढिला होतो तेव्हा तो डावीकडं फिरतो. हे नट उजवीकडं फिरले होते. नटावरची रेघ पत्र्यावरच्या रेघेच्या पुढं गेली होती, आवळायच्या दिशेनं, आणि चारही नटांवर अगदी सारखीच, पाव फेऱ्याएवढी. आपोआप कुठला नट आवळला जातो? कुणीतरी आवळला होता. आणि पंक्चरवाला पाय देऊन आवळतो तसा नाही. तसा आवळला तर एक इतका फिरतो, दुसरा तितका. हे चार नट एकाच मापानं आवळलेले होते.

त्यानं दुसऱ्या चाकाची टोपी काढली. तिथंही तेच. तिसऱ्या आणि चौथ्याच्या टोपीला त्यानं नुसतं बोट लावलं, काढायची गरज नव्हती. मग मागं जाऊन डिकी उघडली, तळाचं कापड वर केलं आणि स्टेपनीच्या पोकळीत हात घातला. एक लांबट डबा हाताला लागला. विजयसिंहच्या दुकानाची चिठ्ठी त्यावर चिकटवलेली होती आणि चिठ्ठीवर तीन आठवड्यांपूर्वीची तारीख होती.

टॉर्क पाना. मुठीवर आकडा शंभरावर लावून ठेवलेला.

जोतीराम तो घेऊन चाकापाशी आला. संताप येत होता, पण नेमका कुणावर ते कळत नव्हतं. लेकीवर, विजयसिंहवर, का ह्या टक्-टक् करणाऱ्या खेळण्यावर. खेळणंच खोटं आहे हे दाखवून द्यावं, असं त्याच्या मनात आलं. त्यानं पाना नटावर बसवला आणि नेहमीसारखा ओढला, हात बस म्हणेपर्यंत. झिणझिणी कोपरापर्यंत गेली. हात म्हणाला बस. पाना गप्प. त्यानं आकडा ऐंशीवर आणला. ओढलं. हात म्हणाला बस, पाना गप्प. सत्तर. साठ. प्रत्येक वेळी हात मोठ्या खात्रीनं बस म्हणत होता आणि पाना बोलत नव्हता. कपाळावर घाम आला. पन्नासलाही काही नाही.

पंचेचाळीसला टक् वाजलं.

कारखान्यात दर सहा महिन्यांनी मापं तपासायला काढायचे. तपासणाऱ्याचं मापच चुकत असेल तर मग मालाला नावं ठेवण्यात काय अर्थ, हे तो नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगायचा. चुकणाऱ्या मापावर लाल ठिपका पडायचा आणि ते कपाटात कुलपात जायचं, मग ते कितीही जुनं आणि लाडकं असो. जोतीरामला सगळं एका झटक्यात कळलं. गोटी खरी होती. नटही खरे होते. शंभर मागणाऱ्या नटाला तो पंचेचाळीस देत होता आणि वर देवीचं नाव घेत होता.

मागं पावलं वाजली. क्रांती होती. त्याच्या हातातला पाना बघून ती जागीच थांबली. मग आली आणि चाकापाशी खाली बसली, लहानपणी पाटावर बसायची तशी.

"दोन नटांचे कोपरे गेलते म्हणालीस," जोतीराम म्हणाला.

"व्हय."

"खरं सांग."

तिनं चाकावर हात ठेवला. "कोपरे न्हाई गेले, आबा. नटच गेलते. दोन रस्त्यातच कुठंतरी पडले. तिसरा हातानं फिरत हुता. पंक्चरवाला म्हणाला, ताई, एका नटावर चाक हाय तुमचं."

जोतीरामनं तो रस्ता हजारदा पाहिला होता. बंगळूरकडं जाणारे ट्रक, मागून हॉर्न, उसाच्या ट्रॉल्या, आणि त्यात एका नटावर फिरणारं चाक, आणि त्या चाकाच्या वर त्याची लेक. त्याला इतकी भीती वाटली की तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट आत्ता घडत असल्यासारखा त्यानं गाडीचा दरवाजा घट्ट धरला. घरी येऊन ती म्हणाली होती, जरासं हललं.

"मला का सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही परत कधी पाना हातात धरला नसता."

"आणि न्हाई सांगितलंस म्हणून मी धरला," तो म्हणाला. "काल परत धरला. तुझ्याच गाडीला."

तिनं चाकाची टोपी उचलून मांडीवर घेतली. मग हळूहळू तिनं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी ती विजयसिंहच्या दुकानात गेली. आबांना सांगायचं नाही अशी त्याला शपथ घातली. रविवारी आबांचा हात गाडीला लागतो म्हणून तेव्हापासून दर सोमवारी सकाळी गिरणीच्या पार्किंगमध्ये ती चारही चाकं आवळते. आईला माहीत आहे. चहा डाव्या हातात गेला तेव्हापासून आईला हाताचंही माहीत आहे. दोघी कितीदा बोलल्या आणि कितीदा गप्प बसल्या.

"आज रेघ दिसली न्हाई तुला?"

"दिसली की. टोपी काढल्या काढल्या दिसली." तिनं मान वर केली. "रेघंसाठी नट ढिला सोडू व्हय, आबा?"

जोतीरामनं पाना डब्यात ठेवला. तिनं केलं ते बरोबरच होतं आणि त्यामुळंच ते जास्त लागलं. सोमवारच्या सकाळी, कामावर जायच्या घाईत, साडीचोळीतल्या नाहीतर ड्रेसमधल्या बाया गेटातून आत जात असताना ही एकटी पार्किंगमध्ये गुडघ्यावर बसून बापाची चूक दुरुस्त करत होती. आणि संध्याकाळी घरी येऊन बापाला विचारत होती, गाडी मस्त चालतीय आबा, काय केलंसा? तो खूश होऊन तिला ब्रेकचं शास्त्र समजावून सांगायचा. ते आठवून त्याला स्वतःची फार लाज वाटली.

घरात गेला तेव्हा मालननं चहा ठेवला होता, त्याच्या डाव्या हाताला. त्यानं तो पहिल्यांदाच तिच्यासमोर न लपवता डाव्या हातानं उचलला. बुधवारी ती त्याला डॉक्टरकडं घेऊन गेली. मानेतली नस दबलीय म्हणाले. औषध आहे, व्यायाम आहे, पण बोटांतलं गेलेलं सगळं परत येईल असं सांगता येणार नाही. उशीर केलात, असंही म्हणाले. जोतीराम मान खाली घालून ऐकत बसला. उशिरा आणलेल्या मालाला तोही असंच बोलायचा.

आठवडाभर तो कुणाशी धड बोलला नाही. विजयसिंहकडं जाऊन त्याला चार शब्द सुनवावेत असं दोनदा वाटलं. दोन्हीदा पायरीपर्यंत जाऊन परतला. शनिवारी त्यानं कारखान्याच्या सेटची डबी काढली, झाकणाच्या आतला पिवळा ठिपका बघितला आणि गोट्या एकेक करून तेलाच्या फडक्यानं पुसल्या. त्या पास होत्या. एकतीस वर्षं पास होती. एवढं समाधान होतं, आणि त्याच समाधानाचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं.

रविवारी गाडी पुन्हा तालमीशेजारी आली. ह्या वेळी जोतीराम पाटावर बसला आणि क्रांती चाकापाशी. मागचे ब्रेक तिनं उघडले, त्यानं सांगितलं तसे साफ केले, चाक चढवलं. कट्ट्यावरून बाळासो बराच वेळ बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"काय जोतीराम, आज लेकीला जुंपलंय व्हय?"

शिकवतोय तिला, हे उत्तर जोतीरामच्या ओठांवर तयार होतं. सगळ्यांनी ते मानलं असतं. क्रांतीनंही मान डोलावली असती, आणि पुढच्या रविवारी, त्याच्या पुढच्या रविवारी तेच उत्तर चाललं असतं. त्यानं क्रांतीकडं बघितलं. ती नटावर नजर लावून होती, त्याला सोडवायला खोटं बोलायच्या तयारीत.

"माझा हात रिजेक्ट झालाय, बाळासो," जोतीराम मोठ्यानं म्हणाला. "पंचेचाळीसच्या वर जाईना. आजपास्नं नट ती आवळणार."

कट्ट्यावर कुणी हसलं नाही. बाळासो पायाशी आलेला चेंडू तसाच हातात घेऊन उभा राहिला. क्रांती वळली नाही. तिनं पाना शंभरावर लावला आणि पहिला नट ओढला. टक्. दुसरा. टक्. तिचा श्वास जोरात चालला होता, आणि तो नुसता जोर लावल्यामुळं नव्हता. चार नट झाल्यावर ती बाजूला सरकली.

जोतीरामनं पिवळा रंग उघडला. कुंचला डाव्या हातात धरला आणि नटावरून पत्र्यापर्यंत रेघ मारली. रेघ वाकडी आली. दुसरीही वाकडीच. कारखान्यात असती तर त्यानं पुसून पुन्हा मारायला लावली असती. त्यानं त्या तशाच ठेवल्या.

झाकण लावून तो उठणार तेवढ्यात क्रांतीनं टॉर्क पाना डब्यात ठेवला आणि जुन्या डबीतली एकोणीसची गोटी काढली. दांड्याला लावली, पहिल्या नटावर बसवली आणि दांड्याचं टोक त्याच्याकडं केलं.

"आबा," ती म्हणाली, "अंबाबाईचा ऱ्हायलाय."

नट शंभरावर बसला होता. पंचेचाळीसच्या हातानं तो केसभरही हलणार नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघं एकमेकांसमोर उकिडवी बसली होती. जोतीरामनं उजवा हात पुढं केला. बोटं दांड्यावर नीट बसेनात, ती तिनं बसवली. मग त्यानं देवीचं नाव घेतलं आणि सगळा जीव एकवटून हिसका दिला.

पिवळी रेघ होती तिथंच राहिली. क्रांतीनं गोटी काढली आणि दुसऱ्या नटावर बसवली.